शॉर्टहँड शिकावं ते कानासाठी

देवनागरीत ‘क’ लिहून पाहा, पण अगदी सावकाश. उभा दांडा, डावीकडचं गोल पोट, उजवीकडे वळलेली शेपटी, वरची शिरोरेघ. एका ध्वनीसाठी हाताला इतके फेरे घ्यावे लागतात, आणि मध्येच पेनही उचलावं लागतं. पिटमनच्या शॉर्टहँडमध्ये, म्हणजे बोलणं झटपट टिपण्याच्या त्याच्या लघुलिपीत, ‘क’ म्हणजे डावीकडून उजवीकडे ओढलेली एक छोटी, हलकी आडवी रेघ. तीच रेघ दाबून काढली की झाला ‘ग’.

सगळं लघुलेखन इथून सुरू होतं. इंग्रजी बोलणारा माणूस सहज बोलतानाही मिनिटाला १२० ते १५० शब्द बोलून जातो. नेहमीच्या अक्षरात भराभर लिहिणारा हात पंचवीस-तीस शब्दांपाशीच धापा टाकू लागतो. जीभ आणि हात यांच्यातलं हे अंतर कसं मिटवायचं, या एका प्रश्नावर माणसांनी दोन हजार वर्षं डोकं चालवलं आहे.

आता रेकॉर्डिंग प्रत्येकाच्या खिशात आहे आणि बोललेलं आपोआप टाइप करून देणारी यंत्रंही आहेत. मग हे शिकायचं कशाला? माझं उत्तर असं, की वेगाची सक्ती गेल्यामुळेच शॉर्टहँड आता खऱ्या अर्थाने छंद म्हणून शिकता येतं. ज्यांना नोकरीसाठी ते शिकावं लागलं, त्यांच्या डोक्यावर घड्याळ होतं. छंद म्हणून शिकणाऱ्याला भाषा ऐकायला, तिचे तुकडे करून पाहायला आणि त्यातलं काय गाळलं तरी अर्थ टिकतो हे तपासायला मोकळीक असते. शॉर्टहँडमधली खरी मौज मला तिथे दिसते. आणि बाराखडी शिकून मोठ्या झालेल्या माणसाची यातली अर्धी तयारी आधीच झालेली असते.

बचत नेमकी कुठून होते?

शॉर्टहँडचे सगळे प्रकार चार युक्त्यांवर उभे आहेत. कुणी एका युक्तीवर जास्त भर देतं, कुणी दुसऱ्या.

पहिली युक्ती म्हणजे आकार सोपे करायचे. अक्षराऐवजी एक सरळ रेघ, एक कमान, एक छोटं वर्तुळ किंवा हुकासारखा आकडा. पेन न उचलता एका खुणेतून दुसरीत जाता आलं पाहिजे, म्हणून खुणा अशा निवडलेल्या असतात की त्या एकमेकींना सहज जोडल्या जाव्यात.

दुसरी, उच्चाराप्रमाणे लिहायचं. इंग्रजी ‘थ्रू’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सात अक्षरं आहेत आणि ध्वनी तीन. ‘नाइट’ म्हणजे सरदार, त्याच्या स्पेलिंगचीही तीच गत. लंडनमध्ये १८३७ साली आयझॅक पिटमनने आपली पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा तिच्या नावातच ‘साउंड-हँड’ होतं. स्पेलिंग विसरा, कानावर पडेल ते लिहा. इंग्रजी माणसाला हे नव्याने शिकावं लागतं, कारण त्याचं सगळं शालेय शिक्षण स्पेलिंग घोकण्यात गेलेलं असतं. आपल्याला ते जड जात नाही.

पिटमनची खरी गंमत तर पुढे आहे. त्याने उच्चारांच्या जोड्या लावल्या. प-ब, ट-ड, च-ज, क-ग. जोडीतल्या दोन्ही ध्वनींसाठी तोंडाची ठेवण तीच असते, फरक एवढाच की एकात कंठ कंप पावतो आणि दुसऱ्यात नाही. म्हणून आकारही एकच, फक्त अघोष ध्वनीसाठी रेघ बारीक आणि घोष ध्वनीसाठी जाड. आता आपली वर्णमाला आठवा. क ख ग घ, च छ ज झ, ट ठ ड ढ, प फ ब भ. प्रत्येक वर्गातलं पहिलं अक्षर बारीक, तिसरं जाड. पिटमनच्या तक्त्यात जे तत्त्व आहे, ते आपण पहिलीत असताना सुरात म्हटलेलं असतं. त्यामुळे पिटमनचा पहिला धडा मराठी माणसाला पाठ करावा लागत नाही, तो ओळखू येतो.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘प्र’ लिहिताना आपण ‘र’ची एक तिरपी रेघ करून ‘प’ला चिकटवतो. पिटमनमध्ये ‘प’च्या रेघेच्या सुरुवातीला एक छोटा आकडा एका बाजूला काढला की ‘प्र’, दुसऱ्या बाजूला काढला की ‘प्ल’. रेघ निम्मी केली की तिच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’ आहे असं समजायचं. म्हणजे त्या ध्वनीसाठी कागदावर काहीच काढायचं नाही, उलट आधीचीच खूण आखूड करायची. अशी जागा पहिल्यांदा भेटते तेव्हा माणूस थबकतो. कमी लिहून जास्त सांगता येतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

तिसरी युक्ती स्वर गाळण्याची. चौथी, वारंवार येणाऱ्या शब्दांना आणि शब्दसमूहांना एकेक आखूड खूण ठरवून देण्याची. या दोन्हींवर जरा थांबायला हवं, कारण मराठीत लिहायला लागलं की खरी परीक्षा इथेच होते.

मराठीचे स्वर

एक वाक्य घेऊ. ‘उद्या सकाळी पाऊस पडला तर आपण घरीच बसून काम करू.’ यातल्या मात्रा, काने, वेलांट्या उडवल्या की उरतं, ‘उद्य सकळ पस पडल तर अपण घरच बसन कम कर’. थोडं अडखळत का होईना, हे वाचता येतं. शब्दाचा सांगाडा व्यंजनांचा असतो आणि आजूबाजूचे शब्द बाकीचं काम करतात. शॉर्टहँडचा अर्धा डोलारा या विश्वासावर उभा आहे.

आता दुसरा प्रयोग. ‘तो गेला’, ‘ती गेली’, ‘ते गेले’. मात्रा काढा. तिन्हींचं होतं ‘त गल’. कोण गेलं, हे कळायला मार्गच उरत नाही. इंग्रजीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून तिथे शेवटचा स्वर बराच सैल सोडता येतो. मराठीत लिंग, वचन, कधीकधी पुरुषसुद्धा शब्दाच्या शेवटच्या स्वरात बसलेला असतो. त्यामुळे इंग्रजीसाठी बनवलेली पद्धत मराठीवर जशीच्या तशी घातली की वाक्य लंगडं होतं. आतले स्वर खुशाल गाळा, शेवटचा स्वर मात्र ठेवा. ‘सकळी’, ‘पडला’, ‘करू’ एवढं दिसलं की वाक्य पुन्हा उभं राहतं.

इथे पिटमनची आणखी एक कल्पना उपयोगी पडते. त्याच्या पद्धतीत शब्द वहीच्या ओळीच्या वर लिहिला आहे, ओळीवर टेकवला आहे की ओळ कापून खाली गेला आहे, यावरून शब्दातला पहिला स्वर कोणत्या गटातला हे कळतं. आ, ऑ असे स्वर वर. ए, ओ ओळीवर. ई, ऊ ओळीतून आरपार. म्हणजे स्वर लिहिलेला नाही, पण जागेने त्याची चाहूल दिली आहे. छंद म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने हीच कल्पना शेवटच्या स्वरासाठी वापरून पाहावी. ‘गेली’ ओळीच्या वर, ‘गेला’ ओळीवर, ‘गेले’ ओळीतून. हा माझा सुचवलेला उपाय, कुठल्या प्रमाणित पद्धतीचा नियम नव्हे. तुम्हाला याहून चांगलं सुचलं तर ते घ्या.

ह्रस्व-दीर्घाची चिंता तर सोडूनच द्या. मोडी लिपीत पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार असा भेद सहसा पाळत नसत. तरी त्या लिपीत शतकानुशतकं हिशेब, पत्रं, हुकूम लिहिले गेले आणि वाचणाऱ्याला अर्थ कळला. मोडीला शॉर्टहँड म्हणता येणार नाही, तिच्यात प्रत्येक अक्षर पूर्ण लिहिलं जातं. पण आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं गुंफत जायचं, ही तिची चाल वेगासाठीच होती.

अडचण येते महाप्राणांची. ख, घ, भ, ढ यांची इंग्रजीला गरज नसल्यामुळे तिथल्या तक्त्यात त्यांना घर नाही. ‘खाल’ आणि ‘काल’, ‘घाल’ आणि ‘गाल’, ‘भार’ आणि ‘बार’ एकसारखे दिसू लागतात. मूळ खुणेला एक बारीक तिरकी टिचकी किंवा शेजारी ठिपका दिला की भागतं, आणि तोही घोटाळा होईल अशाच जागी. ळ-ल आणि ण-न यांचंही तसंच. ‘काळ’ आणि ‘काल’ एका वाक्यात आले तर खूण करा, एरवी संदर्भावर सोडा. आधीच सगळे नियम बांधून ठेवू नका. चार पानं लिहिली की कुठे अडतं ते आपोआप समोर येतं, आणि अडेल तिथेच नियम करावा.

राहिले नेहमीचे शब्द. कोणत्याही भाषेत मोजके शब्द सतत येत राहतात. आहे, आणि, नाही, पण, होतं, केलं, म्हणून, त्यामुळे, असं. यांना एकेक छोटी खूण दिली की पानावरची बरीचशी गर्दी कमी होते. मराठीत याला जोड म्हणून शब्दयोगी अव्ययांचा आणि प्रत्ययांचा एक संच करून ठेवावा. -साठी, -मध्ये, -पासून, -बद्दल, -मुळे, -च्या. इंग्रजीत हे वेगळे शब्द असतात, आपल्याकडे ते शब्दाला चिकटून येतात, म्हणून शेपटीसारखी एक खूण शब्दाला जोडून टाकली की काम होतं. ‘घरापासून’ या शब्दात ‘घर’ तेवढं लिहायचं, ‘-पासून’ची एक टिचकी. मराठीत लिहिणाऱ्याला सर्वात मोठी बचत इथे मिळते असं माझं मत आहे.

कोणत्या घराण्यात शिकायचं?

पद्धती शेकड्यांनी आहेत. नवशिक्याने त्या सगळ्यांकडे बघत बसू नये, पण चार-पाच नावं माहीत असावीत.

पिटमन भौमितिक आहे. सरळ रेघा, वर्तुळाच्या कमानी, बारीक-जाड. पान लिहून झालं की ते कोरल्यासारखं दिसतं. अडचण अशी की साध्या बॉलपेनने रेघ जाड-बारीक होत नाही. त्यासाठी मऊ शिशाची पेन्सिल लागते किंवा दाब दिला की फाकणारी लवचीक निब. ही साधनं हाताळायला ज्यांना मनापासून आवडतं, त्यांना पिटमनइतकं सुख दुसरीकडे मिळणार नाही.

जॉन रॉबर्ट ग्रेगने १८८८ मध्ये जाड-बारीक हा भेदच काढून टाकला आणि त्या जागी लांबी आणली. छोटी आडवी रेघ म्हणजे ‘न’, तीच लांब केली की ‘म’. वर जाणारी छोटी तिरपी रेघ ‘ट’, लांब केली की ‘ड’. मोठं वर्तुळ ‘आ’च्या कुळातलं, छोटं वर्तुळ ‘ए-ई’च्या. आता ‘मान’ लिहा. लांब रेघ, मोठं वर्तुळ, छोटी रेघ. उलट केलं की ‘नाम’. पेन एकदाही उचललं नाही आणि स्वर ओळीतच लिहिला गेला. ग्रेगच्या कमानी लंबवर्तुळातून कापून घेतल्यासारख्या असल्यामुळे हाताच्या नेहमीच्या तिरक्या वळणाला त्या जवळच्या वाटतात. शिवाय कुठलंही पेन चालतं. स्वर ओळीतच येतात, आणि मराठीची गरज आपण वर पाहिलीच. म्हणून छंद म्हणून शिकणाऱ्याला मी आधी ग्रेग सुचवेन.

ग्रेगच्या आवृत्त्या मात्र अनेक आहेत. १९२९ ची ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ आखूड आणि देखणी, पण पाठांतर भरपूर. १९४९ ची ‘सिम्प्लिफाइड’ आणि १९६३ ची ‘डायमंड ज्युबिली’ यांत पाठ करायच्या खुणा कमी केल्या आहेत, त्याबदल्यात शब्द थोडे लांब होतात. छंदासाठी या दोन्हींपैकी कुठलीही उत्तम. सुरुवात एका आवृत्तीने करून पुढे दुसरीतल्या खुणा मिसळू नयेत, वाचताना गोंधळ उडतो.

ज्यांना लवकर फळ हवं त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. ब्रिटनमध्ये जेम्स हिलने १९६८ मध्ये आणलेली टीलाइन रोमन अक्षरांनाच छाटून बनवली आहे आणि तिथले पत्रकार अजून ती शिकतात. तापमापनाच्या कामासाठी ओळखला जाणारा भौतिकशास्त्रज्ञ ह्यू कॅलेंडर याने १८९१ मध्ये ‘ऑर्थिक’ नावाची पद्धत केली. ती व्यवसायात कधी रुजली नाही, पण छंद म्हणून शिकणाऱ्यांत तिचे चाहते बरेच आहेत. दोन्ही स्पेलिंगवर चालतात, त्यामुळे इंग्रजी टिपणांसाठी चांगल्या आणि मराठीसाठी आडवळणाच्या. यंत्रावरचा स्टेनो, म्हणजे अनेक कळा एकदम दाबून अख्खं अक्षरसमूह उमटवणारा, हा स्वतंत्र विषय आहे. तिथे कागद-पेनाची गोडी नाही, म्हणून इथे तो बाजूला ठेवतो.

सरावाबद्दल

शॉर्टहँड शिकताना माणूस नेहमी एका गैरसमजात अडकतो. आपला हात हळू चालतो, असं त्याला वाटतं. हात हळू नसतो. एवढीशी रेघ काढायला कितीसा वेळ लागणार? वेळ जातो तो ठरवण्यात. या शब्दाला कुठली खूण, वर्तुळ कमानीच्या आत की बाहेर, हा शब्द जोडायचा की सुटा. ही घालमेल जशी कमी होते तसा वेग वाढतो, आणि ती कमी करायचा एकच उपाय म्हणजे तोच मजकूर पुन्हा पुन्हा लिहिणं.

पन्नास-साठ शब्दांचा एक परिच्छेद घ्या. पहिल्यांदा अगदी सावकाश, प्रत्येक शब्दाची खूण तपासून लिहा. मग तोच परिच्छेद, हात थांबायचा बंद होईपर्यंत. त्यानंतर स्वतःच्या आवाजात तो मोबाइलवर हळू वाचून रेकॉर्ड करा आणि ऐकून लिहा. नंतर किंचित वेगात. आपल्याला झेपतं त्याच्या जरासं पुढचं डिक्टेशन घेतलं की हात आपोआप फापटपसारा टाकून देतो. मध्येच एखादा शब्द सुटला तर जागा सोडून पुढे जावं. मागे वळून खोडाखोड करण्याची सवय लागली की ती सुटत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ती रोज असावीत.

हळूहळू आणखी एक कौशल्य येतं, ज्याची कल्पना सुरुवातीला नसते. बोलणाऱ्याच्या बरोबरीने लिहायचं नसतं, त्याच्या चार-पाच शब्द मागे राहून लिहायचं असतं. तेवढे शब्द मनात धरून ठेवले की पुढचा शब्द येण्याआधी वाक्याचा रोख कळतो आणि शब्दसमूह एकत्र लिहिता येतात. कान ऐकतोय पुढचं, हात लिहितोय मागचं. हे जमू लागतं त्या सुमाराला माणूस इतरांचं बोलणंही वेगळ्या तऱ्हेने ऐकू लागतो. कोण कुठे श्वास घेतो, कुणाच्या तोंडी कुठला शब्दसमूह बसलेला आहे, कोण वाक्य अर्धं सोडतो, हे सगळं जाणवायला लागतं. म्हणून मी याला कानाचं शिक्षण म्हणतो.

सरावातला सर्वात दुर्लक्षित भाग वाचनाचा. लिहायला सगळ्यांना आवडतं, स्वतःचं लिहिलेलं वाचायला कंटाळा येतो. कालचं पान आज वाचल्याशिवाय नवं पान सुरू करायचं नाही, असा नेम ठेवावा. जे वाचता आलं नाही, तिथे खूण चुकली आहे किंवा प्रमाण बिघडलं आहे. ग्रेगमध्ये ‘न’ आणि ‘म’ यांच्या लांबीत स्पष्ट फरक हवा, पिटमनमध्ये रेघेचा कोन नीट हवा. एकूण आकार लहान असला तरी चालेल, आपापसातलं प्रमाण ढळता कामा नये. नावं, आकडे आणि नवे पारिभाषिक शब्द पहिल्यांदा येतील तेव्हा सरळ नेहमीच्या अक्षरात लिहावेत. संदर्भावरून अंदाज बांधता येत नाही असे शब्द हेच, आणि वर्षभराने वही उघडल्यावर माणूस यांच्यापाशीच अडतो.

वहीबद्दल एकच सांगतो. स्टेनो-पॅड म्हणून मिळणाऱ्या वहीला वरच्या बाजूला स्पायरल असतं आणि पानाच्या मधोमध उभी रेघ. त्यामुळे दोन अरुंद रकाने पडतात, हाताला लांब सरकावं लागत नाही आणि पान एका झटक्यात वर उलटतं. आखणीमागे विचार आहे, हे वापरल्यावर कळतं.

स्वतःसाठी लिहिणारे

शॉर्टहँडचा इतिहास बहुतेकदा दुसऱ्याचं भाषण टिपणाऱ्यांच्या अंगाने सांगतात. रोमन वक्ता सिसेरोचा टायरो, आधी गुलाम आणि नंतर मुक्त झालेला त्याचा लेखनिक, याच्या नावाने रोमन टिपणखुणा ओळखल्या जातात. त्यातली ‘आणि’ या अर्थाची, आकडा 7 सारखी दिसणारी एक खूण आयर्लंडमधल्या पाट्यांवर अजून वापरात आहे. दोन हजार वर्षं टिकलेली ही बहुधा सर्वात चिवट खूण. वेगाचे विक्रमही आहेत. नेथन बेहरिनने १९२२ मध्ये न्यूयॉर्कला पिटमन वापरून दोन मिनिटांच्या चाचणीत मिनिटाला ३५० शब्दांचा वेग गाठला होता.

मला मात्र स्वतःसाठी लिहिणारे जास्त जवळचे वाटतात. सॅम्युअल पीप्सने १६६० ते १६६९ या काळातली आपली रोजनिशी थॉमस शेल्टनच्या शॉर्टहँडमध्ये लिहिली. लंडनची आग, प्लेगची साथ, घरातली भांडणं, सगळं त्यात आहे. ती पुढे केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात पडून राहिली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या विद्यार्थ्याला ती उलगडायचं काम मिळालं. तीन हजारांहून जास्त पानं, आणि तीन वर्षं तो ती लिपी सोडवत बसला. शेल्टनचं शिकवणीचं पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात होतं, पण ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल गाबेल्सबर्गरच्या जर्मन शॉर्टहँड पद्धतीत विचार करायचा, असंच म्हणावं लागेल. १९३८ मध्ये तो वारला तेव्हा मागे सुमारे ४०,००० पानं होती, शॉर्टहँडमध्ये लिहिलेली. नाझी राजवटीतून ती वाचवून बेल्जियममधल्या लूव्हेनला नेण्यात आली आणि ती वाचण्यासाठी ही लिपी जाणणारी माणसं नेमावी लागली. बर्नार्ड शॉ आपल्या लेखनाचे खर्डे पिटमनमध्ये करायचा आणि त्याची सेक्रेटरी ते टाइप करायची. या दोघांना कुणाचं भाषण टिपायचं नव्हतं. विचार मनात येतो त्या गतीने तो कागदावर यावा, इतकंच हवं होतं. लिहिता लिहिता वाक्याचा शेवट विसरण्याचा त्रास ज्यांना होतो, त्यांना हे लगेच पटेल.

गुप्ततेसाठी शॉर्टहँड शिकायचं असेल तर थोडं सावध राहावं. घरातल्या कुणी सहज वही उघडली तर त्याला काही कळणार नाही, इतकी आड मिळते. पण ही सांकेतिक लिपी नव्हे. तक्ता छापील मिळतो आणि पीप्सचं गुपितही शेवटी फुटलंच. उलट धोका वेगळाच आहे. चार्ल्स डिकन्स गर्नीच्या पद्धतीत तरबेज होता आणि पुढे त्याने तीत स्वतःच्या खुणांची इतकी भर घातली की टॅव्हिस्टॉक हाउस या त्याच्या घराच्या कागदावर लिहिलेला त्याचा एक मजकूर दीडशे वर्षांहून जास्त काळ कुणालाच वाचता आला नाही. त्यातला बराचसा भाग २०२२ मध्ये हौशी लोकांच्या मदतीने उलगडला. हौसेने शिकलेल्या शॉर्टहँडचा जगाला उपयोग झाला तो असा. तुम्ही स्वतःच्या खुणा बनवाल, मराठीसाठी तर त्या बनवाव्याच लागतील. मग वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची यादी ठेवा आणि नवी खूण केली की त्याच दिवशी तिथे टिपा.

वाचायला काय घ्यावं?

ग्रेग आणि पिटमन दोन्हींमध्ये एकेकाळी भरपूर वाचनसाहित्य छापलं जाई. गोष्टींची पुस्तकं, बायबल, मासिकं. ‘द ग्रेग रायटर’ हे मासिक तर पानंच्या पानं शॉर्टहँडमध्ये द्यायचं. कॅनडातल्या कॅमलूप्सला १८९१ पासून ‘कॅमलूप्स वावा’ नावाचं पत्र निघे. एका मिशनऱ्याने फ्रेंच द्युप्लोये शॉर्टहँड तिथल्या चिनूक जार्गन या भाषेसाठी वापरलं आणि ज्यांना दुसरी कुठली लिपी येत नव्हती अशा स्थानिक लोकांनी ती आपली लिपी म्हणून उचलली. वेगासाठी निघालेल्या खुणा त्यांच्यासाठी थेट अक्षरओळख ठरल्या. २०१४ पासून युनिकोडमध्ये द्युप्लोयेच्या खुणांना जागा आहे.

यातली बरीच जुनी पुस्तकं आणि अंक स्कॅन करून इंटरनेटवर मोफत ठेवलेले आहेत. छापील शॉर्टहँड रोज एक पान वाचलं तर खुणांची ठेवण डोळ्यात बसते आणि हात तिच्या मागे येतो, स्वतःच्या वेड्यावाकड्या पानांवरून हे होत नाही. मराठीत असं हौशी वाचन सहज हाती लागत नाही. म्हणून एखादा जोडीदार शोधावा, खुणांचा तक्ता दोघांनी मिळून ठरवावा आणि आठवड्याला एकेक पान बदलून घ्यावं. आपलं लिहिलेलं आपण ओळखतो, कारण काय लिहिलं होतं ते थोडंफार आठवत असतं. ते दुसऱ्याला वाचता आलं तरच आपल्या खुणा पक्क्या झाल्या असं समजावं. जिथे तो अडेल तिथे पेन्सिलने गोल करून पान परत द्यावं आणि पुढच्या आठवड्याचं लेखन त्याच शब्दांनी सुरू करावं.